पन्नास सह्यांचा सभासद

पुण्यात 2 एप्रिल 1870 रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिचं सभासद होणं सोपं नव्हतं. वर्गणी भरली, वहीत नाव लिहिलं आणि झालं, असा तो मामला नव्हता. किमान 50 माणसांनी सह्या करून ‘हा आमच्या वतीने बोलेल’ असं मुखत्यारपत्र ज्याला दिलं असेल, त्यालाच सभासद होता येई. सुरुवातीला असे 95 सभासद होते आणि त्यांच्या पाठीशी सुमारे 6,000 लोक उभे होते.

गणेश वासुदेव जोशी, म्हणजे पुणेकरांचे सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी यांनी ही अट घातली ती सभेला लोकांच्या वतीने सरकारपुढे हक्काने बोलता यावं म्हणून. पण तिच्यातून आणखी एक गोष्ट आपोआप साधते. 50 सह्या मिळवायच्या तर ओसरी-ओसरीवर जाऊन बसावं लागतं. सभा कशासाठी निघाली, तिथे काय बोललं जाणार, त्याचा या घराला काय उपयोग, हे 50 वेळा सांगावं लागतं, आणि 50 वेळा उलटे प्रश्न ऐकून घ्यावे लागतात. असं फिरून आलेला माणूस सभेत पहिल्यांदा बसतो तेव्हा तो नवखा राहिलेला नसतो. त्याला विषय पाठ झालेला असतो आणि घरी परतल्यावर ‘काय झालं सभेत?’ असं विचारणारे 50 जण त्याची वाट बघत असतात.

आज गावोगावी चर्चेची मंडळं निघतात. कुठे वाचक कट्टा, कुठे चित्रपट बघून त्यावर बोलणारा गट, कुठे ज्येष्ठांची संध्याकाळची बैठक, कुठे द्राक्ष किंवा डाळिंब लावणाऱ्या शेतकऱ्यांचा महिन्याचा मेळा. हेतू चांगला असतो, काढणारी माणसं मनापासून राबणारी असतात. तरीही बहुतेकांची कहाणी सारखीच निघते. पहिल्या बैठकीला 40, दुसरीला 22, चौथीला 8, आणि दिवाळीनंतर ‘पुन्हा सुरू करायचं आहे’ एवढंच उरतं. मग दोष लोकांना दिला जातो: हल्ली कुणाला वेळच नाही, कुणाला गोडीच नाही. हा दोष बहुधा चुकीच्या दारी जातो. लोकांना बोलायचं असतं, ऐकून घ्यायचंही असतं. त्यांना नीट बोलावलेलं नसतं, आणि आल्यावर त्यांच्या हाती काही दिलेलं नसतं.

एक नेहमीचं दृश्य पाहू. वाचनालयाचा वरचा मजला. साठ खुर्च्या ओळीने मांडलेल्या, समोर टेबल, टेबलावर हार घालायची तसबीर आणि माईक. सहाची वेळ दिलेली. सहाला नऊ जण आलेले, आणि ते नऊही शेवटच्या दोन ओळींत विखरून बसलेले. निमंत्रक घड्याळाकडे बघत म्हणतात, ‘अजून दहा मिनिटं थांबू या, मंडळी येताहेत.’ साडेसहाला 14 जण होतात. मग दीपप्रज्वलन, परिचय, प्रास्ताविक. साडेसातला मुख्य विषयाला तोंड फुटतं. प्रश्नोत्तरांसाठी सात मिनिटं उरतात, त्यातली पाच एकच गृहस्थ घेतात. पहिल्यांदाच आलेली एक बाई कोपऱ्यात बसून होती. तिला कुणी नाव विचारलं नाही. ती पुढच्या वेळी येत नाही आणि ती आली नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

या संध्याकाळी किमान पाच चुका झाल्या आणि त्यांतली एकही खर्चाची नाही.

सर्वांत महाग पडते ती ‘अजून दहा मिनिटं थांबू’ ही चूक. वेळेवर आलेल्यांना शिक्षा आणि उशिरा येणाऱ्यांना मान, असा तिचा अर्थ होतो आणि महिन्याभरात सगळे उशिरा येऊ लागतात. सहा म्हणजे सहा. तीन माणसं असली तरी सहाला सुरुवात करावी आणि ठरलेल्या वेळी संपवावी. संपण्याची वेळ पाळणं तर जास्तच महत्त्वाचं. ज्या बाईला घरी जाऊन स्वयंपाक करायचा आहे, ज्याला शेवटची एसटी गाठायची आहे, त्याला ‘दीड तास म्हणजे दीड तासच’ हा भरवसा मिळाला तरच तो पुन्हा येतो.

खुर्च्यांचंही तसंच. 15 माणसं येतील असा अंदाज असेल तर 12 खुर्च्या गोलात मांडाव्यात आणि बाकीच्या भिंतीला लावून ठेवाव्यात. नवीन माणूस आला की एक खुर्ची ओढून गोल मोठा करायचा. 60 खुर्च्यांत 14 माणसं बसली की प्रत्येकाला वाटतं, कार्यक्रम पडला. बाराच्या गोलात तीच 14 बसली की जागा पुरली नाही म्हणून उत्साह चढतो. सतरंजी असेल तर आणखी बरं, फक्त गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन-चार खुर्च्या हव्यात. टेबल, तसबीर आणि माईक यांची चर्चेला गरज नसते. ती व्याख्यानाची सामग्री आहे.

व्याख्यान आणि चर्चा यांतला फरक सुरुवातीलाच मनात पक्का करून घ्यायला हवा, कारण मराठी मुलखात व्याख्यानाची परंपरा मोठी आहे आणि तीच सवयीने अंगवळणी पडलेली असते. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने 1875 साली सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आजही चालू आहे. तिच्या धर्तीवर कितीतरी गावांत व्याख्यानमाला उभ्या राहिल्या आणि महाराष्ट्राच्या घडणीत त्यांचा वाटा फार मोलाचा आहे. पण व्याख्यानमालेला श्रोते लागतात, मंडळाला सभासद लागतात. श्रोता वक्त्यासाठी येतो. वक्ता बदलला की श्रोतेही बदलतात. म्हणून नामवंत पाहुणा बोलावून सभासद वाढवण्याचा खटाटोप फसतो. त्या दिवशी सभागृह भरतं, फोटो चांगले येतात, आणि पुढच्या महिन्यात पाहुणा नसला की पुन्हा तेच नऊ जण. पाहुणा वर्षातून एकदा आणावा, आणि तोही मंडळ रुळल्यावर.

मग सुरुवात कशी करावी?

आधी पाच ते सात माणसं जमवावीत, आणि दोन-तीन महिने जाहिरात अजिबात करू नये. या काळात आपल्याला नक्की कशावर बोलायचं आहे ते ठरतं. ‘साहित्य, समाज आणि संस्कृती’ असा विषय असलेलं मंडळ कुणालाच खेचत नाही, कारण त्यात काय होणार हे कळत नाही. ‘दर महिन्याला एक मराठी कादंबरी’, ‘आपल्या तालुक्यातलं पाणी’, ‘पालक आणि दहावीनंतरच्या वाटा’ असा विषय असला की ज्याला जायचं आहे त्याला आपलं नाव त्यात दिसतं. विषय अरुंद असला तर माणसं कमी येतील ही भीती खोटी आहे. अरुंद दारातून आत आलेली माणसं पुढे सगळ्या विषयांवर बोलू लागतात.

हे सात जण एकाच गोतावळ्यातले नसावेत. ही सूचना पाळायला सर्वांत अवघड आहे आणि तिच्यावरच पुढची वाढ अवलंबून असते. सातही जण एकाच बँकेतून निवृत्त झालेले, एकाच आळीत राहणारे, एकाच जातीचे असतील, तर ते ज्यांना बोलावतील तेही तसेच असणार, आणि 25 सभासदांवर मंडळ थबकणार. नंतर कितीही फलक लावले तरी बाहेरचा माणूस दारातून आत डोकावतो, चेहरे बघतो आणि ‘हे आपलं नाही’ म्हणून मागे फिरतो. पहिल्या सातांत एक शिक्षिका, एक दुकानदार, एक कॉलेजातला मुलगा, एक नर्स, एक शेती करणारा असा मेळ बसला तर सात वेगवेगळ्या वस्त्यांची दारं उघडतात.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात बेंजामिन फ्रँकलिनने 1727 साली जे चर्चामंडळ काढलं, त्यात हेच झालं होतं. ‘जंटो’ हे त्याचं नाव. फ्रँकलिन तेव्हा 21 वर्षांचा, छापखान्यात काम करणारा तरुण. त्याच्या मंडळात काचकाम करणारा होता, सुतार होता, चांभारकी शिकलेला होता, जमीन मोजणारा होता, दस्तऐवजांच्या नकला करणारा लेखनिक होता. दर शुक्रवारी संध्याकाळी ते जमत. प्रत्येकाने आळीपाळीने चर्चेसाठी प्रश्न आणायचा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचायचा. एक नियम तर आजच्या प्रत्येक मंडळाने भिंतीवर लिहून ठेवावा असा: दुसऱ्याला तोंडावर ‘चूक’ म्हणणाऱ्याला किंवा आपलंच खरं असा हट्ट धरणाऱ्याला छोटा दंड भरावा लागे. हे मंडळ जवळजवळ 40 वर्षं चाललं.

बैठकीच्या आरंभी विचारायचे 24 प्रश्न जंटोने लिहून ठेवले होते. अलीकडे काही सांगण्याजोगं वाचलंत का, गावात कुणाचा धंदा बुडाला असेल तर तो कशाने, कुणी चांगलं काम केल्याचं कानावर आलं का, असे ते प्रश्न. त्यांतला एक इथे फार कामाचा आहे: गेल्या बैठकीनंतर शहरात कुणी गुणी नवखा माणूस आल्याचं ऐकलंत का? म्हणजे नव्या माणसाचा शोध ही कार्यवाहाची एकट्याची जबाबदारी नव्हती, तो दर आठवड्याच्या कामकाजाचा भाग होता. आपल्याकडच्या मंडळांनी हा प्रश्न जसाच्या तसा उचलावा. बदली होऊन आलेला तलाठी, सासरी आलेली एमए झालेली सून, मुलाकडे राहायला आलेले निवृत्त मुख्याध्यापक, नव्याने दवाखाना थाटलेली डॉक्टर, हे सगळे गावात ओळखी शोधत असतात. त्यांना बोलावणं गेलं तर ते नाही म्हणत नाहीत.

बोलावणं कसं करावं, याचा धडाही फ्रँकलिनकडूनच घेण्यासारखा आहे. 1731 साली त्याने वर्गणीदारांचं ग्रंथालय काढलं. सुरुवातीला 40 शिलिंग आणि पुढे दरवर्षी 10 शिलिंग देणारे 50 वर्गणीदार त्याला हवे होते. लोकांकडे जायला लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ‘ही माझी कल्पना’ म्हटलं की समोरचा आढेवेढे घेतो. कारण ते काम झालं तर याचं नाव मोठं होणार, हे शेजाऱ्याला रुचत नाही. तेव्हापासून त्याने स्वतःला मागे ठेवलं. काही मित्रांची ही योजना आहे, त्यांनी मला तुमच्याकडे पाठवलं आहे, असं तो सांगू लागला, आणि काम सरळ झालं. आत्मचरित्रात त्याने हे मोकळेपणाने लिहिलं आहे. आपल्याकडे पत्रिकेवर निमंत्रकाचं नाव ठळक, त्याखाली आठ विश्वस्तांची नावं आणि सर्वांत खाली बारीक अक्षरांत विषय असतो. क्रम उलटा करून पाहावा.

बोलावणं नावानिशी असावं, एका माणसाला असावं आणि त्यात त्याच्याकडून काहीतरी मागितलेलं असावं. व्हॉट्सअ‍ॅपच्या दोनशे जणांच्या गटावर ‘सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे’ असा मजकूर टाकला की तो कुणालाच उद्देशून नसतो. 12 जण अंगठा दाखवतात आणि तीन येतात. त्याऐवजी एकेकाला असा निरोप जावा: ‘काकू, येत्या शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात आम्ही काही जण वाचनालयाच्या माडीवर बसणार आहोत. विषय आहे आपल्या गावातल्या विहिरी. तुमच्या माहेरच्या वाड्यातल्या विहिरीबद्दल तुम्ही एकदा सांगितलं होतं. ते पाच मिनिटं तिथे सांगाल का? जाताना मी तुमच्याकडूनच जाईन, बरोबर जाऊ.’ या निरोपात विषय आहे, वेळ आहे, संपण्याची वेळ आहे, काकूंना काम आहे आणि सोबत आहे. अनोळखी खोलीत एकट्याने शिरणं बहुतेकांना जड जातं. सोबत मिळाली की निम्मी अडचण संपते.

आलेल्या प्रत्येकाला काम, हे तत्त्व टोस्टमास्टर्स या संस्थेने जितकं काटेकोरपणे राबवलं तितकं क्वचितच कुणी राबवलं असेल. राल्फ स्मेडली यांनी 22 ऑक्टोबर 1924 रोजी कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना इथे तिचा आरंभ केला, आणि आज मुंबई-पुण्यासह जगभर तिचे क्लब आहेत. तिथल्या बैठकीत भाषणं मोजकीच असतात, पण बाकीच्यांनाही कामं वाटलेली असतात. एक जण वेळ मोजतो आणि हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवतो. एक जण भाषेकडे लक्ष ठेवतो. एक जण बोलणाऱ्याने किती वेळा ‘अं’ केलं ते टिपतो. एकेका भाषणावर अभिप्राय देणारा आधीच ठरलेला असतो. ज्याला अजून उभं राहून बोलायची हिंमत नाही, तोही पहिल्या महिन्यात घड्याळ धरून बसतो, आणि त्याच्याशिवाय बैठक चालत नाही. आपल्या मंडळात हेच मराठी वळणाने करता येतं. एकाकडे घड्याळ, एकाकडे हजेरीची वही, एकाकडे इतिवृत्त, एकाकडे चहाचा थर्मास. आणि एकाकडे फक्त नव्या माणसाच्या शेजारी बसण्याचं काम. हे शेवटचं काम सर्वांत मोठं. त्याने नाव विचारायचं, दोघातिघांशी ओळख करून द्यायची, बैठक संपल्यावर जिन्यापर्यंत जायचं आणि ‘पुढच्या वेळी काय वाचून येणार?’ असं विचारायचं.

सुरुवातीची दहा मिनिटं सर्वांनी एकेक वाक्य बोलावं असा प्रघात पाडावा. नाव आणि आजच्या विषयाशी आपला काय संबंध, एवढंच. ज्याने पहिल्या दहा मिनिटांत तोंड उघडलं तो पुढच्या तासाभरात पुन्हा बोलतो. जो गप्प राहिला त्याची जीभ मग सुटत नाही. आणि सतत बोलणारा तो एक गृहस्थ? तो प्रत्येक मंडळात असतो. त्याला रागावून उपयोग नाही, कारण अनेकदा त्याचा अभ्यास खरोखर चांगला असतो. त्याला इतिवृत्त लिहायला द्यावं. लिहिणाऱ्याला ऐकावं लागतं.

स्थळ आणि दिवस एकदा ठरला की बदलू नये. या बाबतीत बायकांच्या भिशीकडून शिकावं. भिशीची जाहिरात कुणी करत नाही, फलक लावत नाही, आणि तरी ती वर्षानुवर्षं मोडत नाही. तारीख ठरलेली, पाळी ठरलेली, आणि आपली पाळी आहे म्हटल्यावर येणं भागच. ‘दर महिन्याचा दुसरा शनिवार’ हे एकदा डोक्यात बसलं की आठवण करून द्यावी लागत नाही. पावसाने, परीक्षेने किंवा लग्नसराईने एक बैठक टाळली की दुसरी टाळायला कारण लागत नाही, हे मात्र प्रत्येक निमंत्रकाने ओळखून असावं. चार जण आले तरी चौघांनी बसावं आणि वहीत चार नावं लिहावीत.

आता बाहेर सांगण्याविषयी. तीन महिन्यांनी मंडळ रुळलं की मग गावाला कळवावं. मोठ्या फलकाचा खर्च करण्याची गरज नाही. वाचनालयातला फळा, किराणा दुकानाची काच, पोस्टाचं आवार, लोकल किंवा एसटीच्या स्थानकाबाहेरचं झेरॉक्सचं दुकान, जिथे माणूस दोन मिनिटं उभा राहतो अशी ठिकाणं परवानगी घेऊन निवडावीत. स्थानिक दैनिकांत ‘शहरात आज’ अशा धर्तीची सदरं असतात. त्यांना चार ओळींची बातमी आदल्या आठवड्यात पोचली तर ते छापतात. कागदावर ‘नवे सभासद हवेत’ असं लिहू नये. प्रश्न लिहावा. ‘आपल्या नदीला शेवटचा पूर कधी आला होता? ज्यांना आठवतं त्यांनी या.’ अशा कागदापुढे माणूस थांबतो, कारण उत्तर त्याच्याकडे असतं.

काही विषयांत नुसतं बोलण्यापेक्षा दाखवता येण्याजोगं काही असतं, आणि ते असेल तर त्यासारखा प्रचार नाही. हॅलेचा धूमकेतू 1986 साली आला, त्या सुमाराला मुंबईत खगोल मंडळाचं काम उभं राहिलं. धूमकेतू गेला, पण मंडळाने लोकांना शहराच्या दिव्यांपासून दूर, कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीला रात्रभर आकाश दाखवायला नेणं चालू ठेवलं. दुर्बिणीतून शनीची कडी एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला सभासदत्वाचे फायदे समजावून सांगावे लागत नाहीत. वाचनाच्या मंडळाला दुर्बीण नसते, पण जुन्या अंकांचं प्रदर्शन मांडता येतं, गावातल्या लेखकाच्या घरी जाता येतं, कादंबरी जिथे घडते त्या वाड्यापर्यंत चालत जाता येतं. पाण्यावर चर्चा करणाऱ्यांनी वर्षातून एकदा ओढ्याकाठी बैठक भरवावी.

लोक येत नाहीत तर आपण जावं, हा मार्ग नाशिकच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने दाखवला. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी 2009 साली तो सुरू केला. शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात आणि काही महिन्यांनी एका गटाची पेटी दुसऱ्याकडे जाते. या पेट्या सोसायट्यांत, कार्यालयांत, तुरुंगांत गेल्या, दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी घरांपर्यंत गेल्या. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की प्रत्येक पेटीला तिथल्या तिथे सांभाळणारा एक माणूस लागतो. पेटीने वाचक वाढले, पण सांभाळणाऱ्यांमुळे उपक्रम वाढला. चर्चामंडळालाही असं करता येतं. वर्षातल्या तीन बैठका आपल्या माडीवर न भरवता महिला बचत गटाच्या खोलीत, कामगार वसाहतीत, आश्रमशाळेच्या पडवीत भरवाव्यात, आणि त्या तिथल्याच कुणीतरी चालवाव्यात.

मंडळावर कठीण वेळ येतेच, आणि ती बहुधा भरभराटीच्या दिवसांतच येते. हास्यक्लबाची गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी सकाळी मुंबईत लोखंडवालाच्या बागेत पाच माणसांना घेऊन तो सुरू केला. रिंगण करायचं, एकाने मध्ये येऊन विनोद सांगायचा, सगळ्यांनी हसायचं. थोड्याच दिवसांत माणसं पन्नासाच्या घरात गेली. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले. मग शिळे आले, त्यांच्यामागून चावट आणि कुणाला तरी टोचणारे आले. लोक नाराज झाले आणि क्लब बंद करावा असं बोलणं सुरू झालं. कटारियांनी एक दिवस मागून घेतला आणि विनोदच काढून टाकला. कारणाशिवाय हसायचं, व्यायाम म्हणून हसायचं, खोटं हसता हसता खरं येतंच. आज शंभराहून अधिक देशांत चालणारे हास्यक्लब या दुरुस्तीवर उभे आहेत.

चर्चामंडळाचे ‘विनोद’ साधारण सहाव्या महिन्यात संपतात. सुरुवातीच्या सात जणांकडे जे सांगायचं होतं ते सांगून झालेलं असतं, तेच मुद्दे, तीच उदाहरणं फिरून येतात, आणि कुणीतरी राजकारणावरून कुणालातरी टोचतं. अशा वेळी नवे सभासद आणून भोक बुजवायला जाऊ नये. आधी बैठकीची रीत बदलावी. मोठ्या गोलाऐवजी तिघातिघांचे गट करावेत आणि शेवटी प्रत्येक गटाने एकच मुद्दा मांडावा. किंवा एका बैठकीत कुणी मत द्यायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. किंवा सर्वांत तरुण सभासदाने विषय निवडायचा आणि ज्येष्ठांनी तयारी करून यायचं. निवडणुकीच्या दिवसांत पक्षीय विषय दोन महिने बाजूला ठेवायचे, असं आधीच वहीत लिहून ठरवावं, म्हणजे आयत्या वेळी कुणाचा अपमान होत नाही.

वर्गणी घ्यावी का? घ्यावी, थोडी का होईना. चहा, झेरॉक्स आणि सतरंजीच्या धुलाईपुरती. पैसे दिलेला माणूस मंडळाला आपलं मानतो, आणि हिशेब फळ्यावर लिहिला की विश्वास बसतो. मात्र पहिल्याच बैठकीत पावतीपुस्तक पुढे करू नये. तीन वेळा आलेल्यालाच विचारावं, आणि ज्याला परवडत नाही त्याला गाजावाजा न करता सोडून द्यावं. हे फक्त हिशेब ठेवणाऱ्याला माहीत असावं. नोंदणीचीही घाई नको. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. ती तर आहेतच. पण नोंदणी झाली की धर्मादाय कार्यालयाचे अर्ज, दरवर्षीचे हिशेब, बदल अर्ज हे सगळं मागे लागतं. अनुदान किंवा स्वतःची जागा घ्यायची असेल तेव्हाच त्या वाटेला जावं. तोवर एक वही पुरते.

त्या वहीला मात्र जपावं. तारीख, विषय, आलेल्यांची नावं, चर्चेतले तीन-चार मुद्दे, पुढचा विषय. महिनाअखेर ती उघडून लागोपाठ दोनदा कोण आलं नाही ते पाहावं. दोनदा न आलेल्या माणसाला आठवड्याच्या आत कुणीतरी भेटायला जावं. फोन केला तरी चालेल, पण ‘का आला नाहीत?’ असं विचारू नये. मागच्या वेळी काय झालं ते सांगावं आणि एखादा प्रश्न विचारावा. नाती अशाने टिकतात. पुष्कळदा कारण साधं निघतं: घरात आजारपण, पोराची परीक्षा, संध्याकाळी जिन्यात दिवा नसतो. जिन्यात दिवा नसतो म्हणून चार बायका येत नव्हत्या, हे कळायला एवढं विचारावंच लागतं. एक बल्ब लावला की चार सभासद परत मिळतात.

आणि माणसं खरंच वाढली तर? 20-22 च्या पुढे गेल्यावर एका गोलात सगळ्यांना बोलायला मिळत नाही. अर्धे पुन्हा श्रोते होतात. जंटोपुढेही हा प्रश्न आला होता. काही सभासदांना आपापले मित्र आत घ्यायचे होते, पण संख्या 12 च्या वर न्यायची नाही असं ठरलेलं. फ्रँकलिनने सुचवलं की प्रत्येकाने स्वतःचं वेगळं मंडळ काढावं, नियम तेच ठेवावेत, आणि तिथे काय बोललं गेलं ते जंटोत येऊन सांगावं. सगळ्यांना काही ते जमलं नाही, पण पाच-सहा मंडळं उभी राहिली.

आपल्याकडे दुसरं मंडळ काढायचं ठरलं तर ते दुसऱ्या वस्तीत काढावं, पहिल्या मंडळातल्या अनुभवी तिघांनी तिथे जावं, आणि पहिले तीन महिने त्यांनी निमंत्रक व्हायचं टाळावं. त्यांनी हजेरी घ्यावी, चहा आणावा, नव्या माणसाच्या शेजारी बसावं. बैठक त्या वस्तीतल्या माणसांनी चालवावी. चौथ्या महिन्यात दोन्ही मंडळांच्या वह्या समोरासमोर ठेवून एक एकत्र बैठक घ्यावी, आणि तिथे पहिला प्रश्न तोच विचारावा: गेल्या महिन्यात आपल्या भागात कोण नवीन राहायला आलं, आणि त्यांच्याकडे कोण जाणार?